लिंबाखालचा कट्टा परत मिळेल का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यातली ज्येष्ठांच्या आरोग्यावरची आपली पुरवणी वाचली. साखर, रक्तदाब, गुडघे, मोतीबिंदू, नाचणीची आंबील, सगळं होतं. आमच्या घरी त्यातलं आहाराचं पान फ्रिजवर चिकटवलं गेलंय आणि त्यामुळे माझा सकाळचा भडंग बंद झालाय, ते असो. पण एवढ्या पानांत एकाही डॉक्टरांनी एक साधी गोष्ट विचारली नाही, की तुम्ही दिवसभरात कुणाशेजारी बसता?

हे मी विचारतोय कारण माझी सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात गेली. निवृत्त पशुधन पर्यवेक्षक. गोठ्यातली जुनी म्हैस विकली आणि मागे एकच राहिली, की ती वैरण टाकते, रेकत राहते, धारेला बसलं तर पान्हा चोरते. मालक ताप बघायला बोलवायचा. ताप नसायचा. आम्ही सुई टोचायच्या भानगडीत पडायचो नाही, शेजारी दुसरं जनावर बांधा म्हणून सांगायचो, मग ते रेडकू का असेना. चार-सहा दिवसांत गाडी रुळावर यायची. आमच्या लेखी हा अनुभव होता, शास्त्र नव्हतं. त्यात शास्त्रही आहे हे मला नातीमुळे कळलं. ती बारावीला जीवशास्त्र घेऊन बसली आहे आणि मोबाइलवर माकडांवरचं संशोधन वाचून आजोबांना समजावून सांगते.

कॅरिबियन समुद्रात पोर्तो रिकोच्या किनाऱ्याजवळ कायो सांतियागो नावाचं बेट आहे. बेट कसलं, जेमतेम 15 हेक्टर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी बागायतदाराची जमीन. 1938 साली क्लॅरेन्स कार्पेंटर या शास्त्रज्ञाने आपल्या भारतातून सुमारे 400 ऱ्हीसस माकडं बोटीने नेऊन तिथे सोडली. आज तिथे आहेत ती सगळी त्यांचीच लेकरं-नातवंडं. कोण कुणाची लेक, कोण कुणाजवळ बसलं, कुणी कुणाला फटका मारला, याच्या नोंदी तिथे पिढ्यान्‌पिढ्या ठेवल्या गेल्या आहेत. ही जात भांडखोर. वरचा-खालचा मान कडक, पायरी सोडून कुणी पुढे आलं की दात दाखवलेच.

सप्टेंबर 2017 मध्ये मारिया चक्रीवादळ आलं आणि बेटावरची 63 टक्के हिरवळ गेली. खाणं माणसं पुरवत होतीच. तुटवडा पडला तो सावलीचा. उघड्यावर पारा 40 च्या वर. आता अशा भांडखोर जातीत सावलीच्या तुकड्यावरून रक्त निघायला हवं होतं. झालं उलटं. ज्यांनी एकमेकांना कधी जवळ उभं केलं नव्हतं, ती माकडं एका बुंध्याच्या सावलीत अंगाला अंग लावून बसायला लागली. भांडणं कमी झाली आणि पुढची काही वर्षं कमीच राहिली. आणि जे माकड दुसऱ्याला शेजारी बसू देत होतं, त्याची जगण्याची शक्यता जास्त दिसली. वादळाआधी या गुणाचा जगण्या-मरण्याशी फारसा संबंध नव्हता. सावली संपली तेव्हा तो आला.

हे वाचून मला 2019 चा ऑगस्ट आठवला नसता तरच नवल. आम्ही सांगलीच्या गावभागातले. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी 45 फूट, आणि त्या महापुरात पाणी 57 च्या वर गेलं होतं. आमचं घर बैठं. शेजारचं दुमजली, पण त्या शेजाऱ्यांशी आमचं पन्हाळीच्या पाण्यावरून 11 वर्षं बोलणं नव्हतं. त्यांच्या छपराचं पाणी आमच्या भिंतीवर पडतं, एवढाच वाद, पण दोन्ही बाजूंनी वकील बघून झाले होते. पाणी उंबऱ्याला लागलं तशी त्यांची बायको जिन्यातून ओरडली, "वहिनी, वर या, सामान राहू द्या." आम्ही गेलो. वरच्या दोन खोल्यांत 14 माणसं, एक सिलिंडर, आणि आमच्या घरचा टीव्ही, जो मी उगाचच डोक्यावरून वर नेला होता. लाईट कुठे होती? शेजारी आणि मी एका सतरंजीवर झोपलो. तिसऱ्या रात्री ते म्हणाले, "अण्णा, तुम्ही लय घोरता." 11 वर्षांनंतरचं ते पहिलं वाक्य. पन्हाळ अजून तशीच आहे. भिंतीला ओल येते, मी दर उन्हाळ्यात चुना मारतो, आणि त्या पुरानंतर आम्ही दोघे रोज सकाळी एकाच कट्ट्यावर बसत होतो.

बसत होतो म्हणालो. त्याकडे येतोच.

त्या वादळाने माकडांचं नुसतं घर मोडलं नाही. त्यांच्या रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी तपासल्या, तर वादळ सोसलेली माकडं सरासरी दोन वर्षांनी जास्त म्हातारी झाल्यासारखी दिसली. माणसाच्या हिशेबात ती सात-आठ वर्षं होतात. पुराच्या त्या आठवड्यानंतर आमच्या गल्लीतली माणसं एकदम वयस्कर दिसायला लागली असं आम्ही आपसात म्हणायचो, ते अगदीच बोलण्यापुरतं नसावं.

केनियात अंबोसेली इथे 1971 पासून बबून माकडांच्या नोंदी चालू आहेत. तिथल्या माद्यांचा अभ्यास जोन सिल्क, सुझन आल्बर्ट्स आणि जीन आल्टमन यांनी 2003 मध्ये मांडला. ज्या माद्यांची कळपात ऊठबस जास्त, त्यांची पिल्लं जगण्याचं प्रमाण जास्त. यात मादीच्या मानाचा संबंध नाही; खालच्या पायरीवरची, पण चार जणींत मिसळणारी मादीही यात पुढे. पुढे बोट्स्वानातल्या बबून माद्यांत असंही दिसलं, की ज्यांच्या मैत्रिणी पक्क्या आणि वर्षानुवर्षं त्याच, त्या स्वतःही जास्त जगतात. मैत्री म्हणजे काय, तर मुख्यतः एकमेकींच्या उवा वेचणं. पसरणी घाटात गाडी थांबवून मी हे तासभर बघितलं आहे. कठड्यावर एक म्हातारी माकडीण पालथी पडली होती, एक कान फाटलेला, शेपटीवर केस नाहीत. तिच्या पाठीशी बसलेली तरणी दोन्ही हातांनी केसांत भांग पाडायची, बोटाच्या चिमटीत काहीतरी धरायची, बघायची, तोंडात टाकायची. म्हातारीने डोळे मिटले होते आणि खालचा ओठ सैल सुटला होता. असं कुणी केस चाळत बसलं की छातीचे ठोके संथ होतात, हे मोजलेलं आहे. त्यांच्याच पुढे चार पोरसवदा माकडं पर्यटकांच्या हातातून कणसं ओढत होती, ते सोडा. (माकडांनी आमच्या पाहुण्यांच्या बागेचं काय केलं, त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल. मी काही माकडांचा वकील नाही.)

संगत नेहमी चांगलीच असते, असंही नाही. रॉबर्ट सापोल्स्की हे अमेरिकी शास्त्रज्ञ 1978 पासून बरीच वर्षं केनियातल्या बबूनांचं रक्त तपासत होते. मानाच्या खालच्या पायरीवर जे सतत मार खातात, त्यांच्या अंगात ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, कायम चढलेलं राहतं, आणि ते कायम चढलं की रक्तदाबापासून प्रतिकारशक्तीपर्यंत सगळं कुरतडलं जातं. त्यांच्या एका टोळीतले दांडगे नर पर्यटकांच्या लॉजच्या उकिरड्यावर जाऊन मांस खायचे. 1980 च्या दशकात त्या मांसातून क्षय आला आणि तेच मेले. मागे राहिले ते निवांत नर आणि माद्या. टोळीचा स्वभावच बदलला, आणि नंतर बाहेरून आलेले नवे नरही तसेच निवांत झाले. आमच्या कट्ट्यावरही एक गृहस्थ होते. राजकारणावर दुसऱ्या कुणाला बोलू द्यायचे नाहीत. त्यांच्यापायी दोघांनी येणं सोडलं होतं. त्यांना उकिरड्यावर पाठवायची गरज पडली नाही, ते मुलाकडे पुण्याला गेले.

मला सगळ्यात पटलं ते म्हातारपणाविषयीचं. कायो सांतियागोवरच्या माद्यांचं वय वाढतं, तशा त्या थोड्याच जणींजवळ बसायला लागतात. कुणी त्यांना वाळीत टाकत नाही. बाकीच्या त्यांच्याकडे येतच असतात. त्याच निवडून आपल्या नात्यातल्या, जुन्या ओळखीच्या माद्यांकडे जातात. युगांडातल्या किबाले जंगलातल्या म्हाताऱ्या चिंपांझी नरांचंही तसंच, दोन्हीकडून जुळलेली मैत्री तेवढी ते धरून ठेवतात. आमच्यावर मुलं रागावतात, की बाबा कार्यक्रमाला येत नाहीत, लग्नात लवकर उठतात. त्यांनी हे वाचावं. आम्हाला 500 खुर्च्यांच्या मंडपात शाल-नारळ नको असतो. चार माणसं लागतात, पण तीच चार, रोज, आणि चालत जाता येईल एवढ्या अंतरावर.

आता कट्ट्याचं. आमच्या भागात एका जुन्या लिंबाखाली दगडी कट्टा होता. सुशोभीकरणाच्या नावाखाली गेल्या वर्षी कट्टा फोडला, लिंबाच्या तीन मोठ्या फांद्या उतरवल्या, आणि खाली पेव्हिंग ब्लॉक घालून दुचाकी लावायची सोय केली. कुणी केलं त्यांचं नाव घेत नाही, कारण मला भांडण नको, कट्टा पाहिजे. आम्ही नऊ जण तिथे बसायचो. सर्वांत थोरले तात्या, वय 84. त्यांना काठी घेऊन सव्वाशे पावलं चालणं जमायचं, बरोबर तेवढ्यावर कट्टा होता. आता आम्ही पलीकडच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसतो. ती तात्यांना लांब पडते आणि तिथे नऊलाच ऊन येतं. तात्या यायचे थांबले. पहिला महिना आम्ही आळीपाळीने त्यांच्या घरी गेलो. सूनबाई चहा करायची, म्हणून आम्हालाच अवघडल्यासारखं व्हायचं आणि जाणं कमी झालं. मागच्या भेटीत त्यांनी मला माझं नाव विचारलं. कट्टा गेला म्हणून हे झालं असं मी म्हणणार नाही, वय आहेच. पण म्हैस आठवल्याशिवाय राहिली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2025 मध्ये अहवाल काढला. जगात दर सहा माणसांत एक एकटेपणा भोगतो आणि त्याच्याशी जोडलेले मृत्यू वर्षाला 8 लाख 71 हजार. आपल्याकडे बजेट येतं ते दवाखान्याला, आणि यायलाच हवं. पण एका कट्ट्याचा खर्च तो किती? दीड फूट उंच, टेकायला पाठ असलेली दोन बाकं, काठी टेकली तर घसरणार नाही अशी फरशी, आणि उरलेल्या लिंबाला करवत न लावणं. दुचाक्यांना दहा फूट सरकवलं तर दोन्ही होईल, मी टेप घेऊन मोजलं आहे. ज्यांच्या हातात हे आहे, त्यांनी एकदा जागेवर यावं. सकाळी सात ते नऊ मी त्या पायरीवरच असतो, शेजारीही असतात. नऊनंतर मात्र ऊन येतं.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, गावभाग, सांगली