तुझ्या वहीतलं गॉल्गी संकुल

प्रिय सोनू,

काल रात्री तुझी जीवशास्त्राची वही चाळली. गॉल्गी संकुल म्हणून पाच समांतर रेघा आणि खाली ‘पेशीचं पोस्ट ऑफिस’, एवढंच. उपमा चुकीची नाही, पण पोस्टात कुणी पाकीट फोडून आतलं पत्र बदलत नाही. इथे नेमकं तेच होतं.

आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्यात, बनलेली प्रथिनं पीटिकांमध्ये, म्हणजे इवल्या पिशव्यांमध्ये, बंद होऊन संकुलाच्या निर्मितीक्षम, म्हणजे आत घेणाऱ्या, बाजूला येतात. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर वेगळी विकरं, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, असतात. कुणी शर्करेचा एखादा रेणू काढून टाकतं, कुणी नवा जोडतं. परिपक्व, म्हणजे बाहेर पाठवणाऱ्या, बाजूला पोचेपर्यंत प्रथिनाचं रूप पालटलेलं असतं.

एकच उदाहरण नीट बघ. लयकारिकेत, म्हणजे पेशीच्या पचनाच्या पिशवीत, जायच्या विकरांना मॅनोज नावाची शर्करा जोडलेली असते. गॉल्गी संकुलात तिच्यावर फॉस्फेट चढवलं जातं, आणि तोच त्यांचा पत्ता. दुसऱ्या टोकाला बसलेली ग्राही प्रथिनं ही खूण ओळखतात आणि त्या विकरांना बरोबर लयकारिकेच्या वाटेला लावतात. काही बाळांमध्ये हे फॉस्फेट चढवणारं विकर जन्मतःच काम करत नाही. आय-सेल डिसीज म्हणतात त्याला. त्यांच्या पेशी लयकारिकेची विकरं बनवतात, पण पत्ताच नसल्याने ती पेशीबाहेर जातात आणि रक्तात सापडतात. इकडे लयकारिका न पचलेल्या द्रव्यांनी फुगत राहतात. एवढ्याशा फॉस्फेटपायी! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बराच वेळ पान उलटवेना.

कामिल्लो गॉल्गी यांनी 1898 मध्ये घुबडाच्या चेतापेशी चांदीच्या क्षाराने रंगवल्या, तेव्हा त्यांना हे संकुल जाळ्यासारखं दिसलं. ते खरोखर पेशीत आहे की रंगवताना उमटलेला डाग आहे, यावर पुढे अनेक वर्षं वाद चालला. 1950 नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तो मिटवला. आणि 2006 मध्ये यीस्टच्या जिवंत पेशींत असं दिसलं की कुंडं, म्हणजे तू रेघांनी दाखवलेल्या संकुलाच्या चपट्या पिशव्या, एका जागी थिजलेली नसतात, एकेक कुंड स्वतःच बदलत परिपक्व होत जातं.

म्हणून आकृती पुन्हा काढ. कुंडं किंचित वाकडी, कडांशी फुगीर, आणि तिथून सुटणाऱ्या पीटिका. निर्मितीक्षम बाजू आंतर्द्रव्यजालिकेकडे तोंड करून. शिसपेन टोक करून वहीत ठेवली आहे.

तुझी,
आई