चवथीची खोकी आणि आमच्या कंबरा

महोदय,

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली की फोंड्याच्या बाजारात पहाटेपासून टेम्पो लागतात. माझे किराणा दुकान आहे. गेल्या चवथीला पोरगा यायला उशीर झाला म्हणून तेलाचे खोके मीच उचलले. एकेक लिटरच्या बारा पिशव्या, वजन जेमतेम अकरा किलो. पण गुडघे ताठ ठेवून कमरेत वाकलो आणि पाय न हलवता नुसते अंग फिरवून ते मागच्या फळीवर ठेवायला गेलो. तिथेच कळ आली. गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायला स्टुलावर चढणे दूरच, आरतीचे टाळही खुर्चीत बसून वाजवले.

खोके छातीशी धरायचे, गुडघ्यांत वाकायचे, वळायचे तर पाय टाकून वळायचे, हे डॉक्टरांनी नंतर शिकवले. आमच्या हमालांना ते आधीच ठाऊक होते, मी कधी विचारलेच नाही!

पण पद्धतीलाही मर्यादा असते. कामगारांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतील नायॉश या सरकारी संस्थेच्या वजन उचलण्याच्या सूत्रात सगळे अनुकूल असले तरी एकट्याने उचलायचे वजन जास्तीत जास्त 23 किलो धरले आहे. आमच्याकडे साखरेचे पोते 50 किलोचे, आणि ते एकाच पाठीवरून माडीवर चढते. घाऊक व्यापाऱ्यांनी निदान चवथीच्या गर्दीत 25 किलोच्या गोणी पाठवाव्यात आणि प्रत्येक खोक्यावर वजन ठळक मराठीत लिहावे. हातगाडी मी घेतली आहे. शेजारचे दुकानदार ती रोज मागून नेतात.

— एक किराणा दुकानदार, फोंडा