अनारसे, विनोद आणि वाडीचा फळा

बोरिवली

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, वाडीच्या फळ्यावर लावायच्या जाहिरातीचे तुमचे सगळे मसुदे वाचले. आईचे अनारसे दिवाळीला विकायचे हे उत्तमच. पण मसुद्यांत कोट्या भरपूर आणि अनारसा जवळजवळ नाहीच. आणि आई, तू फोनवर म्हणालीस, "माझ्याकडून विकत कोण घेणार?" मला ही दोन्ही दुखणी एकच वाटतात, म्हणून उत्तरही एकत्र लिहिते. फोनवर सांगायला घेतलं की बाबा मध्येच कोटी करतात आणि विषय तिथेच संपतो.

आधी बाबांचा प्रश्न: लोक विनोदी जाहिरातीला भुलतात कसे? कोणी काही विकायला आला की ऐकणारा मनात लगेच वाद घालायला लागतो. महागच असेल, खोटंच असेल, आपल्याला काय करायचंय. हसताना हा वाद थांबतो. फेस्टिंगर आणि मॅकबी या दोघांनी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थी-क्लबांच्या सदस्यांना त्याच क्लबांविरुद्धचं भाषण ऐकवलं. काहींना पडद्यावर वक्ता दिसत होता, तर काहींना त्याच आवाजासोबत भलताच एक विनोदी लघुपट. परिणाम सगळीकडे सारखा आला नाही, पण जिथे फरक पडला तिथे लघुपट बघणाऱ्यांनाच भाषण जास्त पटलं होतं. डोकं दुसरीकडे गुंतल्यामुळे उलटतपासणी करायला ते मोकळं नव्हतं.

याची किंमतही मोजावी लागते. मार्टिन आइझेंड यांनी २००९ मध्ये विनोदी जाहिरातींवरचे आधीचे बरेच अभ्यास एकत्र तपासले. विनोदाने लक्ष वेधलं जातं, जाहिरात आवडते, मालही आवडतो. पण बोलणाऱ्याची विश्वासार्हता कमी होते. म्हणून विनोद शोभतो तो स्वस्त, नेहमीच्या आणि घेऊन बघता येईल अशा वस्तूला. गोंद, चॉकलेट, पापड. गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिरातीत कोणी फार हसवायला लागलं तर बाबा, तुम्ही खिशावर हात ठेवा. अनारसा पहिल्या गटातला आहे. एक खाऊन बघता येतो.

आता तुमच्या मसुद्यांचं. "बायको रिटायर झाली, आता तुमची पाळी" हे वाचून मीही हसले. पण त्यात अनारशांच्या जागी करंजी घाला, छत्री घाला, विमा घाला; विनोद तसाच राहतो. आमच्या जाहिरातीच्या धंद्यात हीच पहिली चाचणी असते: माल काढून घ्या आणि विनोद उभा राहतो का बघा. राहिला तर तो विनोद फुकट गेला, कारण लोकांना हसू आठवतं आणि नाव आठवत नाही. फेविकॉलची २००२ मधली बसची जाहिरात आठवा. वाळवंटातल्या रस्त्यावर टपावर, दारात, चारी बाजूंनी माणसं लगडलेली बस धक्के खात जाते आणि एकही माणूस पडत नाही. एक शब्द बोललेला नाही. बस पुढे गेली की मागे फेविकॉलची पाटी दिसते. फ्रान्समधल्या कान इथल्या जाहिरात महोत्सवात तिला सिल्व्हर लायन हा पुरस्कार मिळाला होता. तिच्यातून गोंद काढा, उरते फक्त गर्दीची बस.

अमूलचा मार्ग वेगळा. त्यांच्या फलकावरच्या कोटीचा लोण्याशी संबंध कधी असतो, कधी ओढूनताणून आणलेला असतो. पण १९६६ पासून तीच ठिपक्यांच्या फ्रॉकची मुलगी, त्यामुळे नाव हरवत नाही. हा मार्ग घ्यायला साठ वर्षं हाताशी हवीत. आपल्याकडे दिवाळीपर्यंतचेच दिवस आहेत, तेव्हा फेविकॉलचा घ्या.

तुमच्या मसुद्यांत आईची चेष्टा आहे, ती मात्र पूर्णपणे काढा. विनोदाने बोलणाऱ्याचं वजन तसंही घटतं, हे वर लिहिलंच. त्यात करणारीच्या हातालाच हसलात तर उरलेलंही जातं. "टाइमपास म्हणून करते", "जमलं तर गोड मानून घ्या" असली वाक्यं घरात नम्रपणाची वाटतात, फळ्यावर मात्र ती मालाबद्दलची कबुली ठरतात.

मी सुचवते ती ओळ ही:

"आमचे अनारसे हसत नाहीत. हसायचं काम तुमचं."

ज्या बाईने आयुष्यात एकदा तरी कढईत अनारसा हसताना, म्हणजे तुपात विस्कटताना, पाहिलाय ती जिन्यात थांबून हसेल, आणि तीच खरी पारखी गिऱ्हाईक. नव्या पिढीला कोटी कळणार नाही. त्यांच्यासाठी खाली जाळी स्पष्ट दिसेल असा एकाच अनारशाचा जवळून काढलेला फोटो टाका. कोटीचा अर्थ मात्र कंसात समजावू नका.

ही ओळ लावायला एकच अट आहे, ती खरी असली पाहिजे. फेविकॉलला इतकी अतिशयोक्ती चालते कारण सुताराच्या हाताला तो चिकटपणा आधीच माहीत असतो. जाहिरातींची नियमावली सांभाळणारी आस्की ही संस्था १९८५ पासून मुंबईतच आहे. हसवण्यासाठी केलेली, उघड उघड अतिशयोक्ती तिच्या नियमांत बसते. शब्दशः खरा वाटेल असा खोटा दावा बसत नाही. म्हणून "मधुमेहींनाही चालतील", "पचायला हलके" वगैरे काही लिहायचं नाही. गूळ आणि तूप आहे, तेच लिहा.

आई, इथून पुढचं तुझ्यासाठी. "तू करू शकतेस" असं मी रोज म्हटलं तरी ती माझी जाहिरात झाली, आणि जाहिरातीवर किती विश्वास बसतो हे तुला आता ठाऊक आहे. अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं की "मला हे जमेल" हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्या कोणाला ते जमताना पाहणं, दुसऱ्याने दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीराची-मनाची अवस्था. यांत पहिली वाट सगळ्यांत भक्कम. धीर देणं त्या मानाने कच्चं, पहिल्याच अपयशात विरतं. तेव्हा धीर देण्यापेक्षा अनुभव कसा गोळा करायचा ते लिहिते.

अनारसे करायला तुला शिकवण्याची माझी प्राज्ञा नाही. फक्त अंदाजाने करतेस ते आता वजनाने कर आणि वहीत लिही. तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलणं, निथळून सुती कापडावर सावलीत पसरणं, ओलसर असतानाच दळून बारीक चाळणं, हे तू करतेसच. पुढे पिठाचं वजन, गुळाचं वजन (पिठाइतकं किंवा जरा कमी), तूप किती चमचे, पीठ डब्यात किती दिवस मुरलं, हे दर घाण्याला टिपून ठेव. आधी एकच अनारसा तळून बघायचा. तो हसला तर गूळ जास्त झालाय किंवा पीठ फार ओलं राहिलंय. थोडं तांदळाचं पीठ मिसळून पुन्हा एकच तळायचा. दडदडीत झाला, जाळी पडली नाही, तर पीठ कोरडं आहे. दुधाचा हात लावून मळायचं. वरून लगेच लाल आणि आत कच्चा असेल तर आच मोठी आहे. खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता, झाऱ्याने वर तूप उडवत तळण्याची तुझी पद्धत मोडू नकोस. अशा तीन-चार घाण्यांच्या नोंदी झाल्या की "कोण घेणार" या प्रश्नाला उत्तर माझ्या शब्दांत नाही, तुझ्या अक्षरात असेल. आणि फळ्यावरची ओळ खरी ठरेल.

दुसऱ्या वाटेचं उदाहरण आपल्याच गिरगावात आहे. १५ मार्च १९५९ ला सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी झाली चार पाकिटं. तेच पुढे लिज्जत झालं. टीव्हीवर रामदास पाध्यांचा ससा पापड खात हसायला लागला तो कितीतरी नंतर. त्या सशाची गंमतही पापडाच्या कुरकुरीतपणावरच उभी आहे बाबा, हे लक्षात घ्या.

चौथी वाट छोटी आहे. पहिल्या ऑर्डरीला छातीत धडधडेल, तो अपयशाचा शकुन समजू नकोस. तळणाच्या दिवशी मात्र दुसरं कुठलंच काम काढायचं नाही.

किंमत बाबांनी लिहिलीय ती फार कमी आहे. तांदूळ, गूळ, तूप, खसखस (हिचाच भाव बोचतो), गॅस, डबे, आणि तुझे तास, सगळं मांडा. घरच्या बाईची मजुरी शून्य धरायची सवय इथे सोडा. फार स्वस्त ठेवलं की लोक हसत नाहीत, शंका घेतात.

फळ्यावरचा कागद असा: वर ती ओळ, मोठ्या अक्षरात. मधे फोटो. खाली चारच गोष्टी: एका डब्यात किती नग, किंमत, ऑर्डरची शेवटची तारीख, फोन नंबर. वाडीत माणूस पिशव्या सांभाळत जिना चढताना वाचतो, त्याला कविता नको. ऑर्डरीची शेवटची तारीख दिवाळीच्या किमान बारा दिवस आधीची ठेवा, कारण भिजवणं आणि मुरवणं यातच आठ-नऊ दिवस जातात. शेवटच्या क्षणी आलेल्याला नाही म्हणायचं, मग ते जोशीकाकू का असेनात. घाईत मुरवलेलं पीठ हसणारच, आणि ती ओळ आपल्याच अंगावर येईल.

व्हॉट्सअ‍ॅपवर तोच कागद दर दोन दिवसांनी फिरवू नका. तोच विनोद पुन्हापुन्हा वाचला की शिळा होतो. म्हणूनच २००९ च्या आयपीएलमध्ये व्होडाफोनने झूझू या पांढऱ्या, अंड्यासारख्या डोक्याच्या पात्रांच्या तीसेक वेगवेगळ्या जाहिराती करून ठेवल्या होत्या. आपल्याला तीन पुरतील: पहिली ही, दुसरी आठवड्याने, तिसरी शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी. उरलेल्या दोन बाबांनी लिहायच्या. अनारसा काढून बघायची चाचणी आधी घरीच लावा, मग मला पाठवा.

घरून खाद्यपदार्थ विकायलाही एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेची नोंदणी लागते. ती फॉस्कॉस या संकेतस्थळावर होते. आईचं आधार आणि एक फोटो काढून ठेवा, रविवारी येऊन मी भरते. येताना वजनकाटा आणते, तुमचा जुना पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे दाखवतो.

तुमची,
मनू