परीक्षा विभागातल्या काकांना उघड आभारपत्र

काका, सप्रेम नमस्कार.

एम.ए.चा निकाल लागला, पास झाले. ऑफिसात येऊन आभार मानले असते, तर ‘त्यात काय, कामच आहे ते’ म्हणत तुम्ही फाइलीत डोकं घातलं असतं. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

बाळंतपणात माझी हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली आणि डिफॉल्टर यादीत, म्हणजे परीक्षेला बसू न देण्याच्या यादीत, नाव लागलं. ‘एक वर्ष गॅप घे, बाळ मोठं होऊ दे,’ असा सल्ला मिळाला. तोही मायेनेच, त्यामुळे भांडायचीही सोय नाही. तुमच्या खिडकीशी आणलेला माझा अर्ज म्हणजे पानभर गयावया होती: घरच्या अडचणी, तब्येत, ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’. तुम्ही लाल पेनाने जवळजवळ सगळा खोडलात. ‘दया मागू नकोस. संदर्भ टाक.’

मग कपाटातून यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, डिसेंबर २०२१चं पत्र निघालं. एम.फिल., पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजेची तरतूद २०१६च्या नियमांत होतीच. या पत्राने पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठीही रजेचे नियम करा, हजेरीत आणि परीक्षा फॉर्मच्या मुदतीत सवलत द्या, असं विद्यापीठांना कळवलं. ‘पण ही नुसती विनंती आहे,’ असं वरून उत्तर आलंच. त्यावर तुम्ही दिल्ली उच्च न्यायालयाचा मे २०२३चा निकाल जोडायला लावलात. मेरठच्या विद्यापीठाने एका एम.एड. विद्यार्थिनीला प्रसूती रजा नाकारली होती. शिक्षण की मूल, अशी निवड करायला नागरिकांना भाग पाडता येणार नाही, असं सांगून न्यायालयाने तिच्या अर्जाचा फेरविचार करायला लावला. ‘दिल्लीचा निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण वजन पडतं,’ हेही तुमचंच.

नवा अर्ज जेमतेम चार ओळींचा. सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र, दुसऱ्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का, पोच माझ्या हातात. तोंडी ‘बघू’ म्हणणाऱ्यांना कागदावर ‘नाही’ लिहिणं जड जातं, हे तेव्हा कळलं. परीक्षेचा फॉर्म भरला गेला.

एक मात्र खटकतं. यूजीसीचं ते पत्र तुमच्या कपाटात का? नोटीस बोर्डावर का नाही? त्या दिवशी तुम्ही रजेवर असतात, तर माझं वर्ष गेलंच होतं.

बाळाला पाजण्यासाठी खोली मागितली होती, तो अर्ज अजून पडून आहे. इनवर्ड नंबर जपून ठेवलाय. आणि हो, एफ.वाय.ची एक मुलगी तुमच्याकडे येईल. तिला गयावया न करता अर्ज लिहायला सांगितलंय. तरी लाल पेन हाताशी असू द्या.

तुमची,
एक माजी विद्यार्थिनी