न विता दूध देणारी पाट

महोदय,

बोकड न दाखवलेल्या पाटीने, म्हणजे अजून न व्यालेल्या तरुण शेळीने, दूध दिले की ‘चमत्कार’ म्हणून बातमी येते, लोक हळद-कुंकू वाहतात. आमच्या गोठ्यातली संगमनेरी पाट यंदा अशीच कासेला भरली. बाजारात नेली, तर व्यापाऱ्याने तिला ‘खोडीची’ ठरवून निम्म्या भावात मागितली. मी दिली नाही.

हा संप्रेरकांचा खेळ आहे. सानेनसारख्या जास्त दुधाच्या जातींत तो नेहमी दिसतो. आपल्याकडे कमी, इतकेच. कास मऊ असेल, पाट चरत असेल, तर सडांना हात लावू नये. रोज पिळाल तर दूध चालूच राहते. खुराक कमी करून सुका चारा द्यावा, बहुतेक वेळा कास आपोआप उतरते. मात्र कास गरम, टणक किंवा एका बाजूने सुजली, दुधात गुठळ्या आल्या, तर तो दगडी (कासेचा दाह), त्याला तातडीने डॉक्टर हवा. पोट वाढते पण वीत नाही, अशा खोट्या गाभणपणातही कास भरते. ते सोनोग्राफीत कळते. बुरशी लागलेला मकाही कारण असू शकतो, आणि पावसाळ्यात तो स्वस्त म्हणून सर्रास घेतला जातो.

दूध काढायचेच ठरवले तर दोन्ही वेळ नेमाने काढावे, क्षार मिश्रण द्यावे. पाट निरोगी असेल तर दूध पिण्याजोगे असते. आमच्या घरी त्याचा चहा होतो.

तालुक्याच्या दवाखान्यांनी पशुपालक मेळाव्यात एवढे सांगितले तरी अशा पाटी कसायाच्या दावणीला जाणार नाहीत.

— एक शेळीपालक, ता. संगमनेर