हायड्रॉलिक बदलायला आलात आणि माझी खुर्ची लावून गेलात

भाऊ, सप्रेम नमस्कार.

बिलावर तुमचं नाव आहे, दुकानाचा शिक्काही आहे, पण चार लोकांत लिहिताना तुम्हाला न विचारता ते छापणं मला बरं वाटलं नाही. नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत, पहिल्या मजल्यावर, अकाउंट्सच्या खोलीत खिडकीजवळ बसणारी बुटकी बाई म्हटलं की तुमच्या लक्षात येईल. तुम्हाला बोलावलं होतं पर्चेसच्या साहेबांची खुर्ची दुरुस्त करायला. माझ्या खुर्चीचा कामाच्या चिठ्ठीत उल्लेखही नव्हता. पण फायदा झाला तो माझाच, म्हणून हे पत्र. जाहीर अशासाठी, की खुर्चीखाली तीन-तीन दांडे आहेत आणि ते कशाचे हे कुणी सांगितलेलं नाही, अशी माणसं ऑफिसागणिक आहेत.

साहेबांची खुर्ची बसल्या बसल्या खाली जायची. सकाळी टेबलाच्या वर दिसणारे साहेब जेवणाच्या सुट्टीपर्यंत फायलींच्या आड गेलेले असायचे. तुम्ही ती उलटी केलीत, पाइप पान्याने हायड्रॉलिक, म्हणजे खुर्ची वरखाली करणारं मधलं नळकांडं, धरून सीटखालच्या मेकॅनिझममधून फिरवून सोडवलंत, मग पाच पायांच्या बेसमधून हातोडीने ठोकून खाली काढलंत. त्याला कुठे स्क्रू नसतो, नुसतं निमुळतं टोक भोकात रुतलेलं असतं आणि बसणाऱ्याच्याच वजनाने ते आणखी घट्ट होत जातं, हे मी पहिल्यांदा पाहिलं. आत दाबलेला नायट्रोजन असतो, सील गेलं की खुर्ची खचायला लागते, ते दुरुस्त होत नाही, नवंच टाकायचं, हेही तुम्ही सांगितलंत. आमच्या शिपायाने विचारलं, ‘भोक पाडून परत गॅस भरता नाही येत का?’ त्यावर तुम्ही चष्म्यावरून जे बघितलंत त्याची नक्कल तो अजून करून दाखवतो.

पान्याला लागलेलं ग्रीस पुसता पुसता तुमची नजर माझ्याकडे गेली. मी खुर्चीच्या कडेवर टेकलेली, दोन्ही पाय मागे बेसवर अडकवलेले, पाठ आणि जाळी यांच्यात वीतभर अंतर. ‘मॅडम, एवढी जाळी दिलीय पाठीला, तिला कधी टेकलात का?’ तुमचा हा प्रश्न मला थोडा झोंबला, खरं सांगते. पण उत्तर ‘नाही’ असंच होतं.

त्या खुर्च्या नव्या होत्या. ज्यांनी पोचवल्या त्यांनी प्लास्टिक काढलं, नग मोजून दिले, चलनावर सही घेतली आणि टेम्पो वळवला. पाठीमागे बिफ्माचं, म्हणजे अमेरिकेतल्या फर्निचर उत्पादकांच्या संघटनेचं, स्टिकर आहे, म्हणून आम्ही सगळे निर्धास्त. ते स्टिकर मुख्यतः खुर्ची किती वजन पेलते, किती टिकते, उलटत तर नाही ना याचं असतं. त्या खुर्चीत बसणाऱ्या बाईचे पाय जमिनीला पोचतात का, हे त्यात कुणी तपासलेलं नसतं. तयार ब्लाउज आणला तरी आपण दोन टिपा मारून घेतोच की. दिवसभर जिच्यात बसायचं ती खुर्ची मात्र टेम्पोतून उतरते तशीच वापरायची, असा आपल्याकडे रिवाज आहे.

माझं दुखणं मानेपासून उजव्या खांद्यापर्यंतचं. महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरायचं असतं, त्याच्या आधीचे दिवस टॅलीसमोरून हलायला मिळत नाही. मार्चअखेर तर विचारूच नका. ड्रॉवरमध्ये बामची बाटली, घरी शेकायची पिशवी, आणि ‘वय झालं आता’ म्हणणारी मंडळी, एवढ्यावर चाललं होतं.

तुम्ही सुरुवात कुठून केलीत ते मला फार आवडलं. आधी विचारलंत, ‘ऑफिसात रोज हीच चप्पल असते का?’ कारण उंची लावायची ती पायात रोज जे असतं ते घालूनच. मग म्हणालात, खांदे सोडून द्या, हात खाली लोंबकळू द्या, आता कोपरातून वाकवा. माझं कोपर टेबलाच्या फळीच्या चांगलंच खाली होतं. तुम्ही टेप लावून दाखवलंत. टेबल ३० इंच, मी जेमतेम पाच फूट. म्हणजे कीबोर्डपर्यंत हात न्यायला मला दिवसभर खांदे उचलून धरावे लागत होते. दुखणं तिथून येत होतं, आणि बाम मी मानेला चोळत होते.

‘टेबल काही खाली येणार नाही, तुम्हीच वर या,’ म्हणालात. उजवीकडचा दांडा वर ओढताना बूड जरा उचलायचं, म्हणजे खुर्ची आपोआप वर येते. नाहीतर आपलं वजन तिला दाबून ठेवतं आणि आपल्याला वाटतं दांडाच बिघडला. कोपर फळीच्या बरोबरीला आलं. खांदे खाली उतरले, तेही न सांगता. पण आता पाय अधांतरी!

इथे बहुतेकांनी हात टेकले असते. पाय जमिनीवर पूर्ण टेकवा, असं जिथे तिथे छापलेलं असतं. कोपर टेबलाच्या उंचीला असावं, असंही तिथेच खाली छापलेलं असतं. पाच फुटांच्या बाईने ठरीव टेबलाशी बसून या दोन्ही गोष्टी एकदम कशा करायच्या, ते मात्र नसतं. तुम्ही शिपायाला डिस्पॅचमध्ये पाठवलंत. पॅकिंगच्या पेट्यांच्या दोन फळ्या आल्या, खाली दोन आडवे ठोकळे मारलेत, माझ्याकडची बाजू थोडी खाली उतरती ठेवलीत आणि कडांवर पॉलिश पेपर फिरवलात. साडीचा काठ अडकायला नको म्हणून. हे शेवटचं मी कधी सुचवलंही नसतं. ते हातभर लांबीचं पायटेकण आजही माझ्या टेबलाखाली आहे. तुम्ही गेल्यावर दोघीतिघींनी तसंच मागितलं, आणि एकीने तोपर्यंत झेरॉक्सच्या कागदाचे न फोडलेले दोन गठ्ठे पायाखाली घेतले. स्टेशनरीवाला बोंब मारेपर्यंत तेही उत्तम चाललं.

मग बैठक. सीटच्या डाव्या अंगाला खाली एक चपटा खटका आहे, तो मी वजन कमीजास्त करायचा समजून कधी हात लावला नव्हता. तुम्ही तो दाबून अख्खी सीट मागे सरकवलीत. सीटची कड आणि गुडघ्याची खळगी यांच्यात दोन-तीन बोटं जायला हवीत, असं म्हणून मलाच बोटं घालून बघायला लावलंत. आधी एकही जात नव्हतं. सीट माझ्या मांडीपेक्षा खोल, म्हणून मागे टेकायला गेलं की कड पोटरीला रुतायची आणि मी पुढे सरकायची. जाळीला पाठ न लागण्याचं कारण एवढं साधं होतं.

पाठीचं गणित गमतीचं. दोन्ही हातांनी धरून वर उचलायची, टक टक करत एकेक घर चढते, आणि अगदी वर गेली की सुटून एकदम तळाला येते. तिथून पुन्हा मोजायची. पहिल्यांदा ती धाडकन खाली आली तेव्हा मी दचकले, तुम्ही हसलात. फुगवटा कमरेच्या खोबणीत, साधारण बेंबीच्या पातळीला आला तिथे थांबलात. हात ठेवायचे दांडे इतके खाली केलेत की ते टेबलाखाली जाऊ लागले. आधी ते फळीवर आपटायचे, म्हणून खुर्ची पुढे ओढताच येत नव्हती. अन् माउस! आकड्यांच्या कीपॅडपलीकडे गेलेला माउस तुम्ही कीबोर्डला चिकटवून ठेवलात. आकडे मारणाऱ्या माणसाला तो कीपॅड सोडता येत नाही, पण हात आणखी लांब टाकायची गरजही नाही.

स्क्रीनचं तुम्ही एका वाक्यात उरकलंत: वरची कड डोळ्यांच्या रेषेत, हातभर अंतरावर, पण चाळिशीचा दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर त्याहून खाली, नाहीतर माणूस हनुवटी वर करून बघत बसतो. माझा चष्मा तुम्ही आधीच पाहून ठेवला होता.

सगळ्यात जास्त वेळ तुम्ही घालवलात तो सीटच्या पोटाखालच्या गोल नॉबवर. खुर्चीची पाठ लॉक होती, आली तेव्हापासून. ‘लॉक काढा, तिला हलू द्या.’ लॉक काढून मी मागे रेलले तर ती जागची हलेना. स्प्रिंग भक्कम माणसाच्या मानाने ताणलेली, आणि माझं वजन ते किती! तुम्ही गुडघ्यावर बसून नॉब सैल करत राहिलात, मी रेलून बघत राहिले, आणखी थोडा, आणखी थोडा. शेवटी पाठ माझ्याबरोबर मागे आली, आणि मी पुढे झाले तर तीही पुढे आली. सीट कमी कलते आणि पाठ जास्त, म्हणून पाय उचलले जात नाहीत, हेही तुम्ही हाताच्या तळव्यांनी दाखवलंत. ताठ बसा, ताठ बसा, असं शाळेपासून ऐकलेल्या मला मागे टेकून काम करणं आळशीपणाचं वाटायचं. तुम्ही म्हणालात, ‘ताई, टेकायलाच दिलीय ती.’ मॅडमची ताई कधी झाले ते तेव्हा कळलं नाही.

नंतर मी थोडं वाचलं. स्वीडनमधले अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत माणसांच्या कमरेच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला होता. आधाराशिवाय बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षा जास्त भरला, पुढे वाकल्यावर आणखी वाढला, आणि पाठ मागे टेकवली, कमरेला आधार दिला की उतरला. नंतरच्या मोजण्यांत काही आकडे वेगळे आले, पण मागे टेकल्याने दाब कमी होतो हे कायम राहिलं. आपल्याकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्तींनी भारतीय बायकापुरुषांची शरीरमापं गोळा करून प्रसिद्ध केली. म्हणजे मापं आहेत. ऑफिसची टेबलं मागवताना ती उघडून कोण बघतं, हा प्रश्न आमच्या पर्चेसला विचारण्याची माझी पायरी नाही. तुम्ही यातलं काही वाचलं असेल किंवा नसेल, तुमचा टेप आणि तुमची नजर तिथेच पोचली होती.

खुर्ची लावली आणि दुखणं पळालं, असं मी लिहिणार नाही. तुम्हालाच ते खोटं वाटेल. खांदा पुष्कळ हलका झालाय. बाम ड्रॉवरमध्ये आहे, पण झाकण घट्ट बसलंय. हाताला मुंग्या येत असतील तर खुर्चीवाल्याकडे नाही, डॉक्टरकडे जा, असं तुम्ही बजावलंत, म्हणून जाऊन आले. डॉक्टरांनी व्यायाम दिलेत, ते करते. आणि अर्ध्या तासाने उठायचं म्हणून मी पाण्याची बाटली मुद्दाम खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलीय. साहेबांना वाटतं मी गप्पा मारायला जाते. तेही अगदीच खोटं नाही.

एक तक्रार मात्र आहे. बिलात तुम्ही हायड्रॉलिकचे पैसे लावलेत, बसवण्याची मजुरी लावलीत, आणि माझ्यासाठी गुडघ्यावर बसून जो अर्धा-पाऊण तास घातलात त्याची ओळच नाही. ‘त्यात काय, नॉब तर फिरवला,’ म्हणालात. भाऊ, नॉब सगळ्यांनाच फिरवता येतो. कुठे थांबायचं ते तुम्हाला कळतं, आणि पैसे त्याचेच लावायचे असतात. आमच्याकडे सल्लागार येतात, ते यापेक्षा कमी बघून यापेक्षा कितीतरी जास्त लावतात. त्यांची बिलं माझ्याच हाताखालून जातात.

तर पुढच्या खेपेला येताना रबरी चाकांचे दोन सेट आणा. आमच्याकडे फरशी आहे आणि नायलॉनच्या चाकांवर खुर्च्या घसरतात. डिस्पॅचमधली एक खुर्ची करकरते, तीही बघायची आहे. आणि बिलावर ‘खुर्ची अ‍ॅडजस्टमेंट, प्रति नग’ अशी वेगळी ओळ टाका. जीएसटीचा कोड कुठला लावायचा ते मी शोधते, आणि पास करायला साहेबांकडे मीच घेऊन जाते.

तुमची,
अकाउंट्समधली ताई