स्टेपनी एकदा खाली काढून बघ

प्रिय सुध्या,

कच्च्या, दगडी वाटेवरच्या सफरीसाठीची तुझी सामानाची यादी वाचली. पंक्चर किट, फोमचा डबा, हवेचा पंप, टॉर्च, आणि खाली मोठ्या अक्षरात "झाली ना तयारी?" झाली की. फक्त ती डांबरी रस्त्यावरच्या पंक्चरची झाली. दगडधोंड्यांत टायर वेगळ्याच तऱ्हेने जातो.

रस्त्यावर खिळा घुसतो तो ट्रेडमध्ये, म्हणजे टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या नक्षीदार भागात. तिथे रबर जाड असतं आणि खाली पोलादी तारांचे पट्टे असतात. भोक लहानच राहतं, किटमधला चिकट रबरी दोरा भरला की भागतं. दगडांत मात्र मार बाजूने बसतो. साइडवॉलमध्ये, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीत, ते पट्टे नसतातच. बहुतेक टायरांत धाग्यांचे एक-दोन थर आणि वर रबर, एवढंच. चाक एखाद्या धारदार दगडावरून घसरलं की सरळ चीर पडते. त्यात साइडवॉल चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला वाकते नि सरळ होते, म्हणून तिथे भरलेला दोरा टिकत नाही. अगदीच अडलं तर चिरेत चार-पाच दोरे कोंबून रांगत वस्ती गाठायची, पण नंतर तो टायर भंगारातच. आणि टायरमध्ये फवारून भोक बुजवायचा तो फोम? तो ट्रेडमधल्या बारीक भोकापुरताच. शिवाय आत जो चिकटा होतो त्यावर नंतर दोरा नीट धरत नाही. डबा घरीच ठेव.

म्हणजे तुझी खरी भिस्त स्टेपनीवर आहे आणि यादीत तिचं नावही नाही! आधी तिची हवा बघ. मग तिच्या साइडवॉलवर 'डॉट' (DOT) या अक्षरांनंतरच्या ओळीतले शेवटचे चार आकडे शोध. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झालाय. स्टेपनी वापरली जात नाही म्हणून नवी दिसते, पण रबर पडल्या पडल्याही म्हातारं होतं. आणि ती बाकीच्या चार चाकांच्याच मापाची हवी. बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर त्या वाटेला जाऊच नकोस. आणि मापात फरक असताना फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा गिअर, लावून कडक जमिनीवर चालवलंस तर गिअरच्या डब्यावर ताण येतो, तो वेगळाच.

तुझ्या गाडीची स्टेपनी पोटाखाली साखळीला टांगलेली आहे. ती साखळी चिखलाने आणि गंजाने बसते, मग हँडल कितीही फिरव, जागची हलत नाही. दुसरी गंमत म्हणजे मागचा टायर बसला की गाडी इतकी खाली येते की स्टेपनी सुटली तरी बाहेर ओढायला जागा उरत नाही. अशा वेळी आधी गाडी उचलायची आणि मग स्टेपनी काढायची. हे सगळं एकदा घरी, भर उजेडात करून बघ. नटही गाडीबरोबर आलेल्या पान्यानेच सोडून बघ. गॅरेजमधल्या हवेच्या गनने आवळलेले नट त्या आखूड पान्याला ऐकत नाहीत. पान्यावर चढेल असा लांब पाइप बरोबर असू दे.

जॅकखाली जाड फळी हवीच. वाळूत नि ओल्या मातीत गाडी वर जाण्याऐवजी जॅकच खाली जातो. तुझ्या गाडीला मागे आडवा अखंड अॅक्सल आहे, तेव्हा बाटली जॅक घे आणि अॅक्सलखाली लाव. बॉडीला लावलास तर आधी सस्पेन्शनच लांबत राहतं आणि चाक जमीन सोडत नाही. बहुतेक गाड्यांप्रमाणे तुझाही हँडब्रेक मागच्या चाकांवरच आहे. मागचं एक उचललं की धरायला एकच उरलं; म्हणून गिअर टाक, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लाव. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल कर. आणि काढलेलं चाक लांब ठेवू नकोस, गाडीखाली आडवं सरकव. जॅक निसटला तर गाडी त्यावर बसेल, तुझ्या पायावर नाही.

आता हवा. यात लोक दोन्ही टोकं गाठतात. रस्त्यावर ३२ पीएसआय असेल तर दगडी वाटेवर मी २४-२५ ठेवतो, वाळूत १६-१८. हवा कमी केली की टायर दगडाला अंगावर घेतो, ट्रेडला भोक पडण्याचं भय कमी होतं. पण फार सोडलीस तर साइडवॉल बाहेर फुगते नि नेमकी दगडाच्या तोंडी जाते. वेगही तितकाच महत्त्वाचा. मऊ टायर वेगाने पळवला की साइडवॉल तापून आतून खलास होते. म्हणून डांबर लागलं की आधी हवा भर. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर मोठा पंप लावलास तर फ्यूज उडतो; बॅटरीला थेट चिमटे लागणारा घे आणि भरताना इंजिन चालू ठेव. हवेचं मीटर वेगळं घे, पंपावरच्या काट्यावर माझा विश्वास नाही.

किट वाया नाही जाणार. फक्त सगळं हाताशी येईपर्यंत खिळा उपटू नकोस. खिळा ज्या तिरक्या वाटेने गेलाय त्याच वाटेने किटमधली कानस घाल, आत-बाहेर फिरव, हाताला सैल लागेपर्यंत. दोरा सुईत मधोमध ओव, दोन्ही शेपट्या बोटभर बाहेर राहतील इतका आत रेट आणि सुई झटक्यात मागे ओढ. हळू ओढलीस तर दोरा तिच्याबरोबर बाहेर येतो. वर साबणाचं पाणी टाक. बुडबुडा आला तर बाजूला दुसरा दोरा. व्हॉल्व्हच्या चार पिना आणि त्या फिरवायची छोटी चावीही घे. काट्याकुट्यांत व्हॉल्व्ह दुखावतात आणि आपण टायरला शिव्या देत बसतो.

वहिनींना नमस्कार. त्यांनाही एकदा चाक बदलायला लाव. तुझी कंबर कधी धरेल सांगता येत नाही.

तुझा,
बाळ्या

ता.क. तुझ्या अलॉय चाकांना एकेक लॉक नट आहे. त्याची चावी टूलकिटमध्ये आहे का, की मागच्या वेळी टायरवाल्याकडेच राहिली? आत्ताच उठून बघ.